प्रवरेचा गाळ आणि गोदावरीचा सागरतळ

रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरेपासून अरबी समुद्र सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. नदी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते. भंडारदरा, रंधा धबधबा, अकोले, संगमनेर अशी पूर्वेची वाट धरून ती प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. पुढे हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापल्यावर संगमनेरच्या ओढ्यानाल्यांचे पाणी राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागरात पडते. पाण्याबरोबर मातीही जाते. हजारो वर्षे ती जात राहिली, समुद्राच्या तळाशी थरावर थर चढत राहिले आणि भारताच्या पूर्व किनाऱ्याची समुद्रातली बाजू त्या मातीने वाढत गेली.

ही वाढ कोणत्या काळात झपाट्याने झाली आणि कशामुळे, याचा उलगडा व्हायला फार वर्षे लागली. त्याची एक बाजू संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावच्या पांढरीत उघडली, तर दुसरी गोदावरीच्या मुखासमोर, सव्वा किलोमीटर खोल पाण्याखालच्या चिखलात. या दोन कामांमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला, आणि पहिले काम करणाऱ्यांना दुसऱ्याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

जोर्वे हे संगमनेरच्या पूर्वेला आठेक किलोमीटरवर, प्रवरेच्या डाव्या काठी वसलेले गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली नाशिक आणि जोर्वे या दोन ठिकाणी उत्खनन केले. त्या काळी महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो असेच बहुतेकांना वाटे. त्याआधी सगळा अंधार, आणि त्याही पलीकडे कुठेतरी अश्मयुगातली दगडी हत्यारे. जोर्व्याच्या मातीतून तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या, गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती मिळाली, आणि एका विशिष्ट धाटणीची खापरे मिळाली. चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली, तांबूस रंगाची, वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी. टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी. तोटीची भांडी, कमरेत मुडपलेले वाडगे. उत्खननाचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नेवासे, दायमाबाद, चांडोली, इनामगाव, तापीकाठचे प्रकाशे अशा कितीतरी ठिकाणी तीच खापरे निघाली आणि त्या साऱ्या वस्त्यांना नाव मिळाले ते जोर्व्याचे. या संस्कृतीची दोनशेहून अधिक स्थळे आज माहीत आहेत.

ही माणसे शेतकरी होती. गहू, जव, मसूर, वाटाणा पिकवणारी, गुरेढोरे, शेळ्यामेंढ्या पाळणारी. कुडाच्या भिंती लिंपून घरे बांधणारी. दगावलेल्या तान्ह्या मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना लावून घराच्या जमिनीखालीच पुरणारी. दायमाबादचे उत्खनन सांगते की प्रवरेच्या खोऱ्यात शेती इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमारास, म्हणजे आजपासून चार हजार वर्षांहून थोड्या आधी रुजली होती. जोर्वे लोक त्या परंपरेच्या उत्तरार्धातले.

मात्र १९५०-५१ मध्ये हे आकडे कोणालाच देता आले नसते. अमेरिकेत विलार्ड लिबी यांनी कार्बन-१४ वरून वय काढण्याची पद्धत १९४९ मध्ये नुकतीच मांडली होती. जिवंत झाड वा प्राणी हवेतला किरणोत्सारी कार्बन सतत घेत असतो. मेल्यावर हे घेणे थांबते आणि आत असलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरला हे मोजले की मृत्यूचा काळ कळतो. भारतात ही सोय मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात उभी राहिली. देवेंद्र लाल यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या कामात शीला कुसुमगर आणि धर्मपाल अग्रवाल यांनी देशभरच्या उत्खननांतले कोळशाचे तुकडे आणि जळके धान्य तपासले. त्यातून हळूहळू जोर्वे संस्कृतीचा काळ ठरला: पूर्व जोर्वे इसवी सनपूर्व १४०० ते १०००, उत्तर जोर्वे त्यानंतर ७०० पर्यंत. खापरांच्या तुलनेवरून बांधलेला अंदाज आता वर्षांच्या हिशेबात बसला.

वस्त्यांचे वय असे हाती आले. त्या वस्त्या ज्या गाळावर उभ्या होत्या, त्याचे वय काढणे कितीतरी अवघड निघाले.

संगमनेरपासून नेवाशापर्यंत प्रवरेचे काठ पाहिले की गाळाची जाडी लक्षात येते. कुठेकुठे पंधरा-वीस मीटर उंचीच्या उभ्या कडा आहेत. तळाशी चुन्याने घट्ट बांधलेला गोट्यांचा थर, वर पिवळसर-तपकिरी पोयटा, त्यात चुनखडीचे खडे पसरलेले. नेवाशाला सांकलियांनी १९५४ पासून काम सुरू केले तेव्हा या गोट्यांच्या थरांत त्यांना दगडी हत्यारे आणि जुन्या जनावरांची अश्मीभूत हाडे मिळाली. मध्य पुराश्मयुगातल्या एका हत्यार-परंपरेला त्यांनी नेवाशाचे नावही दिले. म्हणजे जोर्व्याचा शेतकरी ज्या जमिनीवर घर बांधत होता, ती जमीन त्याच्यासाठीही प्राचीनच होती.

पण किती प्राचीन? कार्बनची पद्धत पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे साथ देत नाही. अलीकडच्या काळासाठीसुद्धा लाकूड, कोळसा, शंख असे काही हाती लागावे लागते, आणि प्रवरेच्या पोयट्यात ते क्वचितच लागते. चुनखडीच्या खड्यांत कार्बन असतो, पण तो एका वेळचा नसतो. पाणी झिरपत राहते, नवा चुना जुन्यावर बसत राहतो, आणि येणारे वय सरासरीसारखे फसवे असते. वाळूच्या कणावर शेवटचे ऊन कधी पडले हे सांगणारी प्रकाशदीप्तीची पद्धत जगभरच्या नद्यांच्या गाळाला लागू पडते, कारण बहुतेक ठिकाणी वाळूत क्वार्ट्झ भरपूर असते. दख्खनच्या बेसाल्ट खडकात मुळात क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. ज्या काळ्या खडकाने महाराष्ट्राला त्याचे गडकिल्ले दिले, त्यानेच इथल्या गाळाचे घड्याळ लपवून ठेवले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण संगमनेरच्या दक्षिणेला, जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे सापडले. तिथल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात आदिमानवाची हत्यारे आहेत. राखेचे वय काढता येते, म्हणून डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना १९८० च्या दशकात मोठाच आनंद झाला. पहिल्या मोजणीत वय निघाले सुमारे चौदा लाख वर्षे. दुसऱ्या पद्धतीने ते पावणेसात लाखांच्या आसपास आले. राखेची रासायनिक ठेवण सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीशी जुळते हे कळल्यावर काहींनी ती तोबाच्या पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ठरवली, तर नंतरच्या तपासण्यांनी ती तोबाच्याच, पण फार आधीच्या स्फोटाकडे झुकवली. एकाच थराच्या वयात पंचाहत्तर हजार आणि चौदा लाख इतके अंतर पडले. हा अभ्यासकांच्या हलगर्जीचा पुरावा नाही. नदी जुनी राख उचलून नव्या गाळात आणून टाकते, थर उलटसुलट होतात, आणि मोजणारा जितका प्रामाणिक तितके हे प्रश्न त्याला अधिक छळतात.

वयाच्या या अडचणीत पुण्याच्या दोघांनी वेगळा मार्ग काढला. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे. राजगुरूंनी उभे आयुष्य महाराष्ट्रातल्या नद्यांचे काठ वाचण्यात घालवले. मिळतील तितकी कार्बन-वये आणि थरांची बारीक पाहणी एकत्र करून या दोघांनी वायव्य दख्खनच्या नद्यांचा इतिहास मांडला आणि १९८७ मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: हिमयुगाच्या अखेरच्या कोरड्या काळात मान्सून दुबळा होता. डोंगरउतारांवरून सुटलेली माती वाहून नेण्याची ताकद नद्यांत नव्हती, म्हणून खोरी गाळाने भरत गेली. दहाएक हजार वर्षांपूर्वी मान्सूनने जोर धरला आणि नद्यांनी तोच गाळ कापत आपली पात्रे खोल केली. संगमनेरजवळ आज जो उंच काठ दिसतो तो भरला गेला दुष्काळात आणि कापला गेला सुकाळात.

पाऊस कमी म्हणजे धूपही कमी, ही सामान्य समजूत या मांडणीने हलवली. काठ सोडून गेलेल्या मातीचे पुढे काय झाले, हे मात्र काठावर उभे राहून सांगता येत नव्हते. नदीकाठ हा तुटक पुरावा असतो. एक पूर थर ठेवतो, दुसरा पूर तो खरवडून नेतो. सलग नोंद हवी असेल तर गाळ जिथे अखेर थांबतो तिथे जावे लागते.

तो योग आला वेगळ्याच कारणाने. २००६ मध्ये भारत सरकारच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाने अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या साथीने समुद्रतळाखालच्या गोठलेल्या मिथेन वायूचा शोध घेण्यासाठी मोहीम काढली. ‘जॉयडीस रिझोल्यूशन’ हे खोल समुद्रात छिद्रे घेणारे जहाज एप्रिल ते ऑगस्ट असे ११३ दिवस भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर आणि अंदमानजवळ फिरले. २१ ठिकाणी ३९ छिद्रे घेतली गेली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मिथेनचा जाड साठा सापडला आणि बातम्याही त्याच्याच झाल्या. पण छिद्र घ्यायचे तर आधी वरचा मऊ चिखल लागतोच. गोदावरीच्या मुखासमोर घेतलेल्या ‘१६ अ’ या छिद्रातून चिखलाची एक लांब नळी वर आली. तिच्या वरच्या साडेआठ मीटरच्या आसपासच्या भागात गेल्या अकरा हजार वर्षांचा गाळ न तुटता साचलेला होता. इंधन शोधायला गेलेल्या जहाजाने दख्खनचा इतिहास वर आणला.

समुद्रातल्या या चिखलात वय सांगणारी वस्तू भरपूर होती. फोरामिनिफेरा नावाचे अतिसूक्ष्म जीव पृष्ठभागाजवळ तरंगतात, मेल्यावर त्यांची चुन्याची कवचे तळाशी पडतात आणि त्या त्या वर्षीच्या गाळात अडकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती वेचून काढली, कार्बन-१४ मोजला, समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच थोडा जुना असतो त्याची वजावट केली, की थराचे वय मिळते. अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे लिव्यू जोसान, कामिलो पाँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. २०१२ मध्ये त्यांनी पहिला निष्कर्ष जाहीर केला. झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. तो नदीबरोबर समुद्रात येतो आणि त्यातल्या कार्बनवरून झाड दमट हवामानातले की कोरड्या हवामानातले हे ओळखता येते. गोदावरीच्या खोऱ्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत हा बदल चालू राहिला आणि त्यानंतर त्याच वनस्पतींनी इथे कायमचा जम बसवला. दख्खनचे आजचे रूप, उन्हाळ्यात करपलेले माळ आणि काटेरी झुडपे, त्या कालखंडात घडले.

चार हजार वर्षांपूर्वीची ही कोरडेपणाची सुरुवात इतरत्रही दिसते. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात ती इतकी स्पष्ट उमटली आहे की २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या शेवटच्या ४२०० वर्षांच्या कालखंडाला अधिकृतपणे ‘मेघालयन’ असे नाव दिले गेले.

जोसान आणि सहकाऱ्यांचा दुसरा लेख २०१७ मध्ये आला, आणि संगमनेरच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा तोच. या वेळी प्रश्न होता माती किती आली आणि कुठून आली. किती, हे थरांच्या वयांवरून आणि जाडीवरून निघाले. कुठून, याचे उत्तर निओडिमियम या धातूने दिले. खडकातले समॅरियम अतिशय संथपणे, १०६ अब्ज वर्षांत निम्मे या गतीने, निओडिमियमच्या एका समस्थानिकात बदलते. पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या तरुण लाव्हात आणि खंडाच्या जुन्या कवचात या समस्थानिकांचे प्रमाण निरनिराळे असते. गोदावरीच्या वरच्या निम्म्या खोऱ्यात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट आहे. इंद्रावती, शबरी यांसारख्या खालच्या उपनद्या मात्र अब्जावधी वर्षांच्या ग्रॅनाइट-नाइस खडकांतून येतात. खडकाचे चूर्ण होऊन चिखल झाला तरी ही खूण पुसली जात नाही. चिखलाचा प्रत्येक थर दख्खनी किती आणि पूर्वेकडचा किती, हे त्यामुळे मोजता आले. त्यातली अमुक चिमूट प्रवरेची आणि तमुक गोदावरीच्या दुसऱ्या एखाद्या उपनदीची, असे मात्र ही खूण सांगत नाही. ती सांगते दख्खनचे पठार, आणि प्रवरेचे खोरे त्याच पठाराच्या पश्चिम कडेला आहे.

निकाल असा: होलोसीनच्या, म्हणजे हिमयुगानंतरच्या काळाच्या, पहिल्या भागात, मान्सून भरात असताना, समुद्रतळावर गाळ संथपणे साचत होता. मान्सून दुबळा होऊ लागल्यावर, गेल्या चार हजार वर्षांत, गाळ वाढला आणि त्यातला दख्खनचा वाटाही वाढला. पुढे शेतीच्या प्रसाराने, विशेषतः लोहयुगातल्या विस्ताराने, ही वाढ आणखी तीव्र झाली. समुद्राची पातळी त्या काळात उंचच होती. हिमयुगात समुद्र १२० मीटरहून अधिक खाली गेला होता, तेव्हा नद्या आपला गाळ थेट खंडान्त उताराच्या तोंडाशी नेऊन टाकत. समुद्र वर आल्यावर गाळ किनाऱ्याजवळच्या समुद्रबूड जमिनीवर अडकतो आणि खंडाची बाहेरची कड उपाशी राहते, असे भूविज्ञानाची पुस्तके सांगतात. गोदावरीसमोर तसे झाले नाही. मुखासमोरची समुद्रबूड जमीन अरुंद आहे, आणि वरून येणारी माती इतकी होती की उंच समुद्रातही खंडाची कड वेगाने वाढली.

पाऊस घटला आणि माती मात्र जास्त गेली. दख्खनमध्ये राहणाऱ्याला यात चकित होण्यासारखे फारसे नाही. मान्सून दुबळा होतो म्हणजे रोजची रिपरिप थांबते. वळवाचा तडाखा आणि चार-दोन दिवसांची मुसळधार शिल्लक राहतेच. आठ महिने तापलेली, गवत नसलेली, भेगाळलेली जमीन त्या पहिल्या तडाख्याला उघडी सापडते. जोसान यांच्या गटाने याला मान्सूनच्या धुपीचा पंप म्हटले आहे. पाण्याच्या एकूण राशीपेक्षा जमिनीवर पांघरूण आहे की नाही, यावर किती माती जाईल हे ठरते. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातल्या वीणा जोशी यांनी प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात कृत्रिम पाऊस पाडून उताराचा आणि गवताचा मातीवर होणारा परिणाम प्रत्यक्ष मोजला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांचा विषयच हा होता.

चिखलातल्या कार्बनने आणखी एक गोष्ट उघड केली. जमिनीवरून आलेल्या सेंद्रिय द्रव्याचे वय आणि ते ज्या थरात सापडले त्याचे वय यांत फरक होता, आणि अलीकडच्या थरांत तो वाढत गेला होता. म्हणजे नदी फक्त वरचा ताजा पालापाचोळा नेत नव्हती. घळी खोल जात होत्या आणि शेकडो-हजारो वर्षे जमिनीत मुरलेली जुनी माती उकरून निघत होती. संगमनेरच्या परिसरात प्रवरेच्या दोन्ही अंगांना अशा घळींचे जाळे आहे. सपाट शेत चालता चालता अचानक तुटते आणि खाली ओघळींचा चक्रव्यूह सुरू होतो, उभ्या भिंती, मधे मातीचे सुटे सुळके, तळाशी चुनखडीचे खडे. गेल्या काही दशकांत यंत्रांनी त्यातल्या पुष्कळ घळी बुजवून सपाट केल्या आणि तिथे ऊस, कांदा, डाळिंब उभे राहिले. समुद्रातल्या त्या जुन्या कार्बनची गोष्ट ज्याला समजून घ्यायची आहे त्याला उरलेल्या घळी फार मोलाच्या वाटतील, आणि त्यातल्या एक-दोन तरी जशाच्या तशा राखायला हव्यात.

आता प्रश्न येतो जोर्व्याच्या माणसांचा. त्यांनी जंगल तोडले, गुरे चारली, माती सुटली, म्हणून पूर्व किनारा वाढला असे म्हणायचे का? हा हिशेब सावकाश करायला हवा. जोर्वे वस्त्या नद्यांच्या काठाने, काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत होत्या आणि दायमाबादसारख्या एखाद्या मोठ्या गावाचा अपवाद सोडला तर लहान होत्या. हाती दगडी पाती आणि मोजक्या तांब्याच्या कुऱ्हाडी. एवढ्याशा लोकसंख्येने तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या खोऱ्याचे रूप पालटले, हे पटत नाही. २०१७ च्या लेखातही क्रम तसाच आहे. आधी हवामान कोरडे झाले आणि धूप वाढली, मग शेतीने तिच्यात भर घातली. त्या लेखाच्या लेखकांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डोरियन फुलर आहेत. भारतातल्या प्राचीन पिकांवर त्यांनी दीर्घकाळ काम केले आहे, त्यामुळे शेतीबद्दलचे हे विधान केवळ सागरतळ पाहणाऱ्यांचे नाही.

उलट जोर्वे लोक या कोरडेपणाचे बळी होते असे मानायला जागा आहे. मधुकर ढवळीकर यांनी घोड नदीकाठच्या इनामगावला सांकलिया आणि अन्सारी यांच्यासोबत १९६८ पासून दीर्घ उत्खनन केले. तिथे इसवी सनपूर्व १००० च्या पुढे घरे लहान आणि गोल होत जातात, शेतीचा आधार घटतो, पशुपालन आणि शिकार वाढते, आणि इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडते. ढवळीकरांनी याचे कारण घटलेल्या पावसात शोधले. त्यावर वाद झाले. पण वुड्स होलच्या प्रयोगशाळेत पानांच्या मेणाने सांगितलेला काळ आणि इनामगावच्या मातीच्या जमिनींनी सांगितलेला काळ एकमेकांना दुजोरा देतात. ढवळीकरांच्या हाती त्या वेळी समुद्राचा पुरावा नव्हता, केवळ खापरे, हाडे, धान्य आणि घरांचे आराखडे होते. तेवढ्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष इतका टिकावा, ही त्यांच्या कामाची मोठीच पावती आहे.

शेतीने भर घातली ती नंतर, लोखंडाच्या काळात. विदर्भात नागपूरजवळच्या नायकुंडला इसवी सनपूर्व ७०० च्या आसपासची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली. ती उजेडात आणणारे होते शां. भा. देव, जोर्व्याच्या खंदकात उतरलेले तेच देव. लोखंडी फाळ आणि कुऱ्हाडीने चिकट काळी जमीन आणि डोंगरउतारावरची झाडी माणसाच्या आवाक्यात आली. पाठोपाठ सातवाहनांच्या काळात पैठण, नेवासे, नाशिक, जुन्नर ही गावे व्यापाराने गजबजली आणि पूर्वी ओस पडलेल्या पांढरींवर पुन्हा वस्ती झाली. समुद्रतळावर मातीचा ओघ आणखी वाढल्याची खूण याच काळातली आहे. सातवाहनांचा वैभवकाळ आपण लेण्यांत आणि नाण्यांत मोजतो. त्याची एक नोंद बंगालच्या उपसागरात चिखलाच्या रूपाने पडली, हेही इतिहासाच्या पुस्तकात यायला हवे.

ती वाढ आता थांबली आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, १९७६ मध्ये जायकवाडी भरू लागले आणि त्याच्या जलाशयाचा, नाथसागराचा, फुगवटा प्रवरासंगमापर्यंत पोचला. आता संगमनेर-नेवाशाची माती हजार किलोमीटरचा प्रवास करीत नाही, ती बहुतांशी नाथसागरात बसते. तिथून निसटली तरी तेलंगणातली धरणे पुढे आहेतच. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातले बी. हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये याचा परिणाम मांडला. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी चौदा-पंधरा कोटी टन गाळ मुखाकडे नेत होती. १९९० च्या दशकात हा आकडा सहा कोटींच्या खाली आला. हजारो वर्षे पुढे सरकत आलेला त्रिभुज प्रदेशाचा किनारा त्याच सुमारास मागे हटू लागल्याचे उपग्रहचित्रांत दिसले, खारफुटीची जमीन समुद्राच्या घशात गेली, आणि या दोघांनी त्याचा मुख्य दोष वरच्या धरणांकडे दिला.